बडोद्यात मराठी किती, वॉर्डनिहाय? आधी तक्ता कुठवर उतरतो ते बघा

बडोद्याच्या दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांत २०११ साली मराठी मातृभाषा सांगणारे किती होते, हे जनगणनेतून काढायचंय, असा तुमचा प्रश्न. नाही निघणार. मातृभाषेचा तक्ता सी-१६ हा राज्य, जिल्हा, तालुका असा उतरतो, पण वॉर्डापर्यंत पोचत नाही. वॉर्ड आणि गाव मिळतात ते जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात (प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्ट), पण तिथे घरं, लोकसंख्या, ०-६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे एवढंच. भाषेचा रकानाच नाही. वॉर्डाच्या खाली प्रगणकाचा ब्लॉक, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेला भाग, सहाएकशे माणसांचा, पण तो आकडा बाहेर येत नाही.

तेव्हा वडोदरा तालुक्याचा ‘शहरी’ रकाना घ्या. त्याला ‘बडोदे शहर’ मात्र म्हणू नका. त्यात पालिकेच्या हद्दीबाहेरची जनगणना-शहरंही (स्वतःची पालिका नसलेली, पण जनगणनेने शहरी धरलेली गावं) येतात. महापालिका तेव्हा सुमारे १६.७ लाखांची, नागरी समूह, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती, १८.२ लाखांचा, फरक लहान नाही. शहराला लागून असलेली भायली, सेवासी ही गावं तर पालिकेत आली २०२० मध्ये.

सी-१६ मध्ये ‘मराठी’ची एकूण ओळ असते आणि तिच्याखाली तिच्यात धरलेल्या मातृभाषांच्या ओळी. दोन्ही मिळवल्या की मराठी माणसं दुप्पट! गोषवाऱ्यातही तेच होतं: एकूण, ग्रामीण, शहरी अशा तीन वेगळ्या ओळी, शिवाय शहराच्या ओळीखाली त्याचेच वॉर्ड. ‘लेव्हल’ (ओळ जिल्ह्याची, शहराची की वॉर्डाची) आणि ‘टीआरयू’ (एकूण, ग्रामीण की शहरी) या दोन रकान्यांवर फिल्टर लावल्याशिवाय बेरीज करूच नका.

जिल्ह्याचा आकडा घेणार असाल तर आणखी सांभाळून. २०११ चा वडोदरा जिल्हा (कोड ४८६, लोकसंख्या ४१,६५,६२६) म्हणजे आजचा नव्हे. २०१३ मध्ये छोटा उदेपूर वेगळा झाला. छोटा उदेपूर, जेतपूर पावी, कवांट, नसवाडी, संखेडा हे तालुके वजा केले की आजच्या जिल्ह्याच्या जवळ जाता येतं. जवळच, कारण बोडेली हा तालुका नंतर जुन्यांतून काढलेला; काटेकोर हवं असेल तर गावांचे सहा अंकी कोड एकेक जुळवावे लागतात.

फाइल एक्सेलमध्ये उघडताना कोडचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून आणा. गुजरातच्या तालुक्यांचे पाच अंकी कोड ०३ ने सुरू होतात. पुढचं शून्य उडालं की नकाशाच्या फाइलशी एकही ओळ जुळत नाही, आणि चूक दिसतही नाही, नकाशा नुसता कोरा येतो.