केनेडींच्या वाक्यातला अलंकार कोणता?

प्रश्न असा आहे: 'देश तुमच्यासाठी काय करू शकतो हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय करू शकता ते विचारा' या अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या वाक्यातल्या अलंकाराला मराठीत नाव आहे का? आणि मराठीत ते वाक्य मुळाइतकं ठसत का नाही?

आधी नावाचं पाहू. तेच शब्द उलट्या क्रमाने परत आणण्याला इंग्रजीत 'अँटिमेटाबोली' म्हणतात. शाळेत आपण अलंकारांची जी यादी घोकली तिच्यात हा नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातला 'अन्योन्य' त्यातल्या त्यात जवळचा: 'शशिना च निशा निशया च शशी', चंद्रामुळे रात्र शोभते नि रात्रीमुळे चंद्र. पण तिथे दोघं एकमेकांची शोभा वाढवतात. केनेडी एक बाजू मोडीत काढून दुसरी पुढे करतात, त्यामुळे हे नाव इथे चिकटवणं मला पटत नाही. त्यापेक्षा 'व्यत्यास' म्हणावं. भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास सगळ्यांनीच सोडवलेला असतो, त्यामुळे शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता ठसण्याचं. मूळ वाक्य 'आस्क नॉट व्हॉट युवर कंट्री कॅन डू फॉर यू, आस्क व्हॉट यू कॅन डू फॉर युवर कंट्री' असं आहे. 'कंट्री' आणि 'यू' जागा बदलतात, पण त्यांच्या अंगावरचा कपडा तोच राहतो. मराठीत जागा बदलली की रूपही बदलतं. 'देश'चं 'देशासाठी' होतं, 'तुमच्यासाठी'चं 'तुम्ही' होतं, वर 'शकतो'चं 'शकता'. कानाला तोच शब्द परत आला असं वाटतच नाही. संस्कृतात 'शशिना' आणि 'शशी' अशी हीच अडचण आहे, पण तिथे तोटक वृत्ताने सांभाळून घेतलंय.

दुसरं, 'आस्क नॉट' ही घडण १९६१ सालीही जुनी, बायबलच्या वळणाची होती. आपलं 'विचारू नका' अगदी रोजचं: कांद्याचा भाव विचारू नका! भारदस्तपणा तिथेच गळतो. पंधरा ऑगस्टच्या भाषणांत तर याचं 'देशाने तुम्हाला काय दिलं यापेक्षा तुम्ही देशाला काय दिलं' असं होतं. 'काय करू शकता' हे आवाहन होतं, त्याची उधारीची वसुली झाली.

हे वाक्य ज्यातलं, त्या २० जानेवारी १९६१ च्या, अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावरच्या जेमतेम चौदा मिनिटांच्या भाषणात आणखी एक व्यत्यास आहे: भीतीपोटी वाटाघाटी कधी करू नयेत, पण वाटाघाटींची भीतीही कधी बाळगू नये. हा मराठीत बरा उतरतो, कारण 'भीतीपोटी' हा आपला तयार शब्द मदतीला येतो. मात्र 'बहुसंख्य गरिबांना जो स्वतंत्र समाज मदत करू शकत नाही, तो मूठभर श्रीमंतांनाही वाचवू शकणार नाही' हे त्याच भाषणातलं वाक्य व्यत्यास नव्हे. तिथे गरीब-श्रीमंत असा नुसता विरोध आहे, शब्दांची अदलाबदल नाही. या दोहोंत गल्लत फार होते.

कल्पना केनेडींचीच होती का, हा प्रश्न ओघानेच येतो. अमेरिकी न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८४ च्या एका भाषणात जवळपास हेच म्हटलं होतं. खुद्द केनेडीही जुलै १९६० मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना बोलले होते की, मी लोकांना काय देणार ते नव्हे, तर त्यांच्याकडून काय मागणार ते सांगतोय. आशय तोच, पण ते वाक्य आज कुणाच्या तोंडी नाही. शपथविधीच्या भाषणाचा मसुदा लिहिण्यात केनेडींचे भाषणलेखक टेड सोरेन्सन यांचा मोठा हात होता. हे वाक्य तुमचंच का, असं कुणी विचारलं की ते एवढंच म्हणत: 'आस्क नॉट!'

पुढे १ मार्च १९६१ ला पीस कोअर ही स्वयंसेवकांची सरकारी संस्था सुरू झाली आणि हजारो तरुण अमेरिकी परदेशांत शिकवायला, राबायला गेले. आवाहनाला लगेच काम मिळालं, हेही वाक्य टिकण्याचं एक कारण. पण रचनेचा वाटा किती, हे बघायचं असेल तर लगेच पुढचं वाक्य वाचा. तिथे केनेडी जगातल्या नागरिकांना सांगतात: अमेरिका तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका, माणसाच्या स्वातंत्र्यासाठी आपण मिळून काय करू शकतो ते विचारा. सुरुवात तशीच, भाषण बहुतांशी परराष्ट्र धोरणाचं असल्याने वजनही तितकंच. फक्त दुसऱ्या अर्ध्यात शब्द उलटून येत नाहीत, आणि हे वाक्य उद्धृत करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.