होडीच्या रंगातली चित्रं

मालवण

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

होडी रंगवून उरलेल्या ऑइल पेंटने प्लायवर काढलेली तुझी रापण, किनाऱ्यावरून जाळं ओढण्याचं चित्र, समोर भिंतीला टेकवून ठेवली आहे. दोर ओढणारी माणसं माडांपेक्षा उंच, त्यांचा म्होरक्या तांडेल सगळ्यांत मोठा, आणि समुद्र वर बोटभर. मुंबईचे पाहुणे म्हणाले, ‘चित्रकला शिकू नकोस, बिघडशील’, आणि तेव्हापासून तू ब्रशला हात लावलेला नाहीस, असं तुझी आई सांगत होती.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर सेंट आइव्हज नावाचं बंदर आहे. तिथला आल्फ्रेड वॉलिस तरुणपणी बोटींवर होता, पुढे बंदरात बोटींच्या मोडीचा धंदा करायचा. बायको गेल्यावर, सत्तरीच्या आसपास, तो चित्रं काढू लागला. खोक्यांचे पुठ्ठे आणि बोटींचा रंग. पुठ्ठा तिरका असला तर चित्रही तिरकं. पुठ्ठ्याचा मूळ रंग तो कित्येकदा तसाच उघडा ठेवायचा. 1928 साली बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड या शिकलेल्या चित्रकारांनी त्याला पाहिलं आणि त्याच्याकडून पुष्कळ घेतलं. त्याला चाहते मिळाले, पण चित्रं कवडीमोलाने गेली. 1942 मध्ये तो गरिबांच्या आश्रयगृहात वारला. आज तीच चित्रं टेट संग्रहालयाने जपली आहेत. हे वाचलं की अजूनही माझ्या पोटात तुटतं.

1945 च्या सुमारास फ्रान्सच्या द्युबुफे या चित्रकाराने न शिकलेल्यांच्या अशा कलेला ‘आर ब्रूत’, म्हणजे कच्ची कला, म्हटलं. त्याचं प्रेम खरं होतं. पण तू कच्चा राहावास ही हौस बघणाऱ्याची. तू तिचं ओझं का घ्यावंस? आपल्या पिंगुळीचे चित्रकथी, चित्रं दाखवत कथा सांगणारे, घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच शिकले ना? त्यांची चित्रं काही बिघडली नाहीत. लांबची वस्तू लहान का दिसते ते नीट शिकून घे, आणि मग तांडेल मोठाच ठेव.

प्रत्येक चित्रामागे नाव, तारीख, किंमत लिही. फोटो काढ. पावतीशिवाय चित्र देऊ नकोस. माझी सात चित्रं एकाने प्रदर्शनाला म्हणून नेली. ना चित्रं परत आली, ना पैसे. चित्रांच्या मागे मी नावसुद्धा घातलं नव्हतं.

आणि प्लायला दोन्ही बाजूंनी प्रायमर मार, कडा विसरू नकोस. आपल्या पावसात पाणी कडेनेच शिरतं, मग थर सुटतात. या प्लायचा उजवा कोपरा आत्ताच फुगलाय. रविवारी ये, पॉलिश पेपर आणून ठेवतो.

तुझा,
काका