घरटं किंवा बीळ रिकामं असेल, तर ते मोडणं गुन्हा ठरतो का? कायदा प्राण्याला जपतो की त्याच्या जागेला?

देशागणिक उत्तर बदलतं. कुठलाही वन्यजीव कायदा हातात आला की मी आधी व्याख्यांचं कलम उघडतो. कागदावर 'शिकार' कशाला म्हटलंय ते कळलं की निम्मं काम होतं. भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, त्यांच्या घरट्यांशी छेडछाड करणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय. हातात बंदूक असायलाच हवी असं नाही.

आता तुमचं 'रिकामं असेल तर'. त्यावर व्हिएन्नातला हॅमस्टरचा खटला वाचण्यासारखा आहे. हॅमस्टर म्हणजे शेतजमिनीत बिळं करून राहणारा, उंदरासारखा गुबगुबीत प्राणी. एका बांधकामासाठी तिथली वरची माती काढली, गाड्यांसाठी रस्ता केला आणि त्यात निदान दोन बिळांची तोंडं गेली. बचाव काय, तर बिळं तेव्हा वापरात नव्हती! प्रकरण थेट युरोपीय संघाच्या न्यायालयात पोहोचलं. २०२० साली न्यायालयानं सांगितलं, की प्राणी परत येण्याची पुरेशी शक्यता असेल, तर रिकामं बीळही संरक्षितच. आधार होता १९९२चा अधिवास निर्देश, म्हणजे वन्यजीव आणि त्यांच्या राहण्याच्या जागा जपण्यासाठीचा युरोपीय संघाचा कायदा. त्यात प्राण्याला मारायला बंदी आहेच, शिवाय त्याच्या विणीच्या आणि विश्रांतीच्या जागांचं नुकसान करायलाही आहे. मला हा निकाल पटतो. बाहेर गेलेल्या माणसाचं घर काही बेवारस होत नाही.

पण जागा वाचवणारा कायदा महाग पडू लागला की पळवाट निघते, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेत टेनेसी राज्यात टेलिको धरण जवळजवळ बांधून झालं होतं. त्या नदीत बोटभर लांबीचा स्नेल डार्टर मासा सापडला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यानुसार काम थांबवलं. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेनं या धरणाला कायद्यातून सूट दिली आणि पाणी अडवलं गेलं. मासा इतर प्रवाहांतही सापडला म्हणून निभावलं. २०२२ साली तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

वनस्पतींची तऱ्हा आणखी वेगळी. झाड उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, त्याला जपायचं तर जागाच जपायला हवी. तरी कायद्याच्या रांगेत ती बहुतेकदा मागे. भारताच्या याच कायद्यात ठरावीक वनस्पतींसाठीचं वेगळं प्रकरण १९९१च्या दुरुस्तीनं आलं, म्हणजे प्राण्यांनंतर एकोणीस वर्षांनी. तेव्हा यादीत नावं किती होती, तर सहा. त्यांतली एक घटपर्णी, किडे खाणारी. अमेरिकेत तर खासगी जमिनीवरचा संरक्षित प्राणी मारला तर जी पंचाईत होईल, ती तिथलंच दुर्मीळ रोपटं मालकानं उपटलं तर केंद्रीय कायद्यानुसार सहसा होत नाही.