स्पर्धेपलीकडचा पियानो

पियानोवादक व्हायचं तर स्पर्धा जरूर दे, पण आयुष्य तिच्याभोवती बांधू नकोस. वॉर्साच्या शोपॅन पियानो स्पर्धेत १९८० साली पियानोवादक इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीआधीच बाद झाला. निषेध म्हणून नामवंत पियानोवादक मार्था आर्गेरिचने परीक्षकपद सोडलं, आणि त्याची कारकीर्द उभी राहिलीच.

मला जास्त काळजी तुझ्या कार्यक्रमाची, म्हणजे मैफलीत कोणत्या रचना वाजवायच्या याची वाटते. बेथोवनचे पियानोसाठी ३२ सोनाटा (अनेक भागांच्या वाद्यरचना) आहेत म्हणून सगळे लगेच बसवायची घाई नको. पियानोवादक ग्रिगोरी सोकोलोव्ह वाद्यवृंदाबरोबर वाजवणं सोडून फक्त एकल मैफली करतो, एकच कार्यक्रम घेऊन महिनोन्‌महिने फिरतो. रचना अशीच मुरते. दोन रचना शेजारी ठेवताना पहिलीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात सलग वाजवून ऐक. कानाला काहीच जाणवलं नाही तर जोडी मोड.

व्हायोलिनवादक आपलं वाद्य सोबत नेतो, आपल्याला दर गावी परका पियानो. सभागृहात लवकर पोच. आधी अगदी हळू आवाजात वाजव, पेडल किती दाबल्यावर डॅम्पर (तारांचा नाद थांबवणारे दट्टे) तारांवरून उचलले जातात ते पायाला कळू दे. माझ्या कितीतरी मैफली यानेच तरल्या.

आणि हात दुखला तर त्याच दिवशी थांब. मी रेटत राहिलो आणि सहा महिने गमावले.