पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) शिक्षा झाली, हायकोर्टात अपील केलं तर केस पहिल्यापासून चालते का?
नाही, सहसा केस पुन्हा चालत नाही आणि मुलाला साक्षीला परत बोलवत नाहीत, हायकोर्ट सेशन कोर्टाचं रेकॉर्ड मागवून तेच नव्याने वाचतं. म्हणजे मुलाची साक्ष, उलटतपासणी, मेडिकल आणि हो, वयाचा दाखला, कारण वय १८ च्या खाली सिद्ध झालं नाही तर पोक्सोच लागत नाही, अपिलाच्या कागदांचं काम करताना वकिलांचा पहिला हात तिथेच जाताना बघतो. साक्ष विश्वासार्ह वाटली तर एकट्या मुलाच्या साक्षीवरही शिक्षा टिकते. कलम बदलू शकतं, शिक्षाही कमी होऊ शकते. नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये मुलीच्या कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोच्या कलम ८ मध्ये (लैंगिक हल्ल्याची शिक्षा) बसत नाही म्हणून फक्त विनयभंग वगैरे धरला होता, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ते फिरवलं, हेतू बघा म्हणाले, कातडीला कातडी लागली का ते नाही, आणि ३ वर्षांची शिक्षा परत लावली. अपवाद म्हणजे, फारच गरज वाटली तर हायकोर्ट जादा पुरावा घ्यायला किंवा खटला पुन्हा चालवायला सांगू शकतं, पण ते क्वचित. अपिलाची मुदत ६० दिवस.