"माझं नाव ऐकू येतं, पुढचं कळत नाही"

*ताई,*
*आमची सात जणांची टीम आहे. काही महिन्यांपूर्वी माझ्या मायबोलीची एक मुलगी टीममध्ये आली. तोवर दिवसभर परक्या भाषेत बोलून मी संध्याकाळी गळून जायचे. ती आल्यापासून ऑफिसला जावंसं वाटतं. आम्ही दोघी आमच्याच भाषेत बोलतो, कामाचंही आणि इकडचं तिकडचंही. शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी, जिने मला सुरुवातीला सगळं काम शिकवलं, ती हल्ली तुटकपणे वागते. गेल्या आठवड्यात ती मॅनेजरकडे गेली आणि म्हणाली, "माझं नाव ऐकू येतं, पुढचं कळत नाही." मॅनेजरने फर्मान काढलं: ऑफिसात तुमची भाषा बंद, जेवणाच्या सुट्टीतही. आम्ही तिची निंदा कधीच केलेली नाही. एकदा तिच्या रजेवरून थोडं बोललो होतो, ते सोडा. मी माझ्या भाषेची लाज बाळगायची का? आणि मॅनेजर असं सांगू शकतो का?*

लाज बाळगायचं काहीएक कारण नाही, हे आधी सांगते. दिवसभर शिकलेल्या भाषेत काम करणाऱ्याचा शीण बाकीच्यांना दिसत नाही. वाक्य बोलण्याआधी मनात जुळवायचं, विनोद झाला की क्षणभर उशिरा हसायचं, राग आला तरी व्याकरण सांभाळायचं. अशा माणसाला आपल्या भाषेचं कुणी भेटलं की जीभ आपोआप मोकळी होते. शिवाय दोघांचं नातं ज्या भाषेत जुळलं, त्याच भाषेत ती दोघं पुढे बोलत राहतात. तिसरं कुणी आलं म्हणून भाषा बदलायची, तर ती दर वेळी आठवणीने बदलावी लागते. तुम्ही कुणाला मुद्दाम तोडायला निघाला होतात असं मला मुळीच वाटत नाही.

पण तुझ्या पत्रातलं "ते सोडा" मला सोडता येत नाही. रजेवरून काय बोललात ते तू लिहिलेलं नाहीस. किरकोळही असेल. पण ती हाकेच्या अंतरावर बसलेली असताना, तिला कळणार नाही या भरवशावर ते बोललं गेलं. तेच वाक्य तिला समजेल अशा भाषेत तू तिच्यासमोर बोलली असतीस का? नसतीस, तर तिची शंका निराधार नाही. तिला शब्द कळत नसतील. सूर कळतो, नजर कळते, ती आल्यावर दबलेला आवाजही कळतो.

आणि नाव तर कळतंच. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले होते आणि एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं, ते त्यांना जवळजवळ काहीच सांगता आलं नाही. मात्र तिथे स्वतःचं नाव आलं तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. आता तिच्या टेबलावरून बघ. तुमचं बोलणं तिच्यासाठी दिवसभराचा आवाज आहे. तो कानाआड करून ती काम करत असते. मध्येच त्यात तिचं नाव येतं. मान वर होते. पुढचं काही कळत नाही, आणि मग तुम्ही दोघी हसता. तुम्ही कदाचित एवढंच म्हणाला असाल की फाइल हिच्याकडे आहे, आणि हसलात वेगळ्याच गोष्टीवर. तुला ते ठाऊक आहे. तिला कसं कळणार?

याचा परिणाम तू समजतेस त्याहून खोल होतो. २००९ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना अशा दोघांबरोबर बसवलं, जे आपसात रशियन बोलत राहिले. विद्यार्थ्यांना रशियन येत नव्हतं. आपल्याला नाकारलंय असं त्यांना वाटलं, राग आला, ती माणसं कमी आवडली. आपला गट काही चांगलं करून दाखवेल हा विश्वाससुद्धा उणावला. त्या दोघांशी त्यांची ना ओळख होती ना देणंघेणं, आणि सगळा मामला थोड्या वेळाचा. तुझ्या सहकारीने तर तुला हाताला धरून काम शिकवलंय. नवी मैत्रीण येईपर्यंत तुझ्या गप्पा, अडचणी, कुरकुरी सगळं तिच्याच वाट्याला येत होतं. मग ते एके दिवशी थांबलं, आणि तेच सगळं तिच्या शेजारी, तिला न कळणाऱ्या भाषेत सुरू झालं. मॅनेजरकडे तिने भाषेची तक्रार केली, कारण तक्रार म्हणून सांगता येईल असं तेवढंच होतं. "माझी मैत्रीण माझ्याशी बोलत नाही" हे कुणी मॅनेजरला सांगत नाही.

मॅनेजरचं मात्र चुकलं. कामाच्या गरजेपुरती एक भाषा ठरवणं आणि माणसाची भाषाच बंद करणं यात मोठा फरक आहे. जिथे धोक्याची सूचना सर्वांना तत्क्षणी कळायला हवी, तिथे एकच भाषा असायलाच हवी; मीटिंगमध्येही हवी. जेवणाच्या सुट्टीत दोघी आपसात काय बोलतात, त्याला हे कारण लागू होत नाही. अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाने १९८० साली केलेल्या नियमांत हाच भेद आहे: सदासर्वकाळ फक्त इंग्रजी बोला अशी सक्ती भेदभावाची मानली जाते, आणि ठरावीक वेळेपुरता नियम करायचा तर कामाची निकड दाखवावी लागते. न्यायालयांनी प्रत्येक वेळी आयोगाची री ओढली असं नाही. १९९३ मध्ये एका अपील न्यायालयाने हा नियम मानायला नकार दिला. तुमच्या देशाचा कायदा आणि कंपनीचं धोरण काय म्हणतं ते एचआरला लेखी विचार. पण तक्रारीच्या सुरात जाऊ नकोस. कामाचं बोलणं आम्ही सर्वांच्या भाषेत करू, सुट्टीतलं बोलणं आमचं राहू द्या, असं स्वतःहून मांड. हे मागणं रास्त आहे, आणि समजूतदार मॅनेजरला त्यातून फर्मान मागे घ्यायला वाटही मिळते.

हे नुसतं मान्य करून घेण्यापुरतं म्हणू नकोस, खरोखर पाळ. कामाचं बोलणं तिच्या कानावर पडत असेल तेव्हा ते तिला समजेल असंच असू दे. शेजाऱ्याचं बोलणं ऐकता ऐकता माणूस खूप काही उचलतो. तारीख बदलली, अमुक ग्राहक नाराज आहे, हे कुणी मुद्दाम सांगायला येत नाही. त्यातून ती बाहेर राहिली तर नुकसान तिच्या कामाचं आहे, नुसत्या मनाचं नाही. घरच्या गप्पा खुशाल तुमच्या भाषेत करा. त्यातलं वाक्य न् वाक्य तिला सांगत बसायची गरज नाही. ती मध्येच येऊन बसली तर चाललेलं वाक्य पुरं करा, कशाबद्दल बोलत होतात ते सांगा आणि तिच्या भाषेत या. आणि बोलण्यात तिचं नाव आलंच, तर तिथल्या तिथे तिच्याकडे वळून सांगा, तुझं नाव का आलं ते. या एका गोष्टीवर मी हटून बसेन. बाकी इकडे तिकडे झालं तरी चालेल.

रजेचं काय करायचं? तुम्ही जे बोललात ते शब्दशः तिला ऐकवू नकोस. त्याने तुझं मन हलकं होईल आणि तिच्या डोक्यात ते वाक्य कायमचं राहील. पण तिने सरळ विचारलं, "माझ्याबद्दल बोलत होतात का?" तर नाही म्हणू नकोस. "हो, एकदा तुझ्या रजेबद्दल बोललो. तसं बोलायला नको होतं," एवढं म्हण. "पण आम्ही वाईट काही म्हणालो नाही" हे शेपूट त्याला जोडू नकोस. तिने विचारलं नाही, तरी एवढं तरी सांग की तिच्याशी बोलणं कमी झालं हे तुझ्या लक्षात आलंय, आणि तुला ते आवडलेलं नाही. हे खरं असेल तरच सांग. तुझं पत्र वाचून मला ते खरं वाटतं. नाहीतर तिने तुला काम शिकवल्याचं तू लिहिलंच नसतंस.

मात्र तिच्याकडे जाण्याआधी नव्या मैत्रिणीशी बोल. रजेच्या गोष्टीत तीही होती, तेव्हा तिला न विचारता तिच्या वतीने कबुली देऊ नकोस. दुसरं म्हणजे, या ऑफिसात तिला मोकळेपणाने बोलता येईल असं आजवर तू एकटीच आहेस. काही न सांगता तू उद्या एकदम तिच्याशी परक्या भाषेत बोलायला लागलीस, तर शेजारच्या टेबलावर जे झालं तेच तिच्या वाट्याला येईल. म्हणून आज संध्याकाळी ऑफिसच्या बाहेर, तुमच्या भाषेत, तिला हे सगळं निवांत सांग.