शाळा म्हणते इलेक्ट्रिक बस परवडत नाही, हे खरं आहे का नुसती टाळाटाळ?

ताई, तुम्ही लिहिलंय की लातूरला तुमच्या मुलीच्या शाळेत पालकसभेत तुम्ही डिझेल बस काढून इलेक्ट्रिक लावा म्हणालात, तर शाळेने परवडत नाही, बसची फी दुप्पट होईल असं सांगून विषय तिथंच संपवला. मी इकडं छत्रपती संभाजीनगरात शाळांना बस लावतो, गाड्या माझ्या, ड्रायव्हर माझे, करार वर्षाचा. म्हणजे डिझेलवरच घर चालायलंय आमचं, तरी सांगतो, शाळा अर्धं खरं बोलायलीय.

आधी खरं अर्धं. चाळीस सीटची डिझेल स्कूल बस 25-30 लाखाच्या आसपास पडते आणि तेवढीच, म्हणजे 9 मीटरची इलेक्ट्रिक घ्यायला गेलं की 80 लाखाच्या पुढंच बोलतात. आता सगळे म्हणतात इलेक्ट्रिकला किलोमीटरमागं खर्च कमी, ते बरोबरच आहे, डिझेल 90 च्या वर, गाडी गावात सहाचं अ‍ॅव्हरेज देते म्हणजे 15 रुपये किलोमीटर, आणि इलेक्ट्रिकला साधारण एक युनिट किलोमीटरला धरा, 9 रुपये. ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट हे वाचतं ते वेगळं. सगळं मिळून 8 रुपये वाचले म्हणू. पण शाळेची बस चालते किती? दिवसाला 70 किलोमीटर, आणि शाळा भरते वर्षातून 220 दिवस, म्हणजे 15 हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला सव्वा लाख वाचले. इलेक्ट्रिकसाठी जास्तीच्या दिलेल्या 50 लाखाचं नुसतं व्याजच बँक 4-5 लाख घेते वर्षाला. सिटी बसचं गणित यामुळंच जमतं, ती रोज 200 किलोमीटर पळते, रविवार नाही दिवाळी नाही. शाळेच्या बसला हे गणित लावणं म्हणजे परसातली मेथी काढायला ट्रॅक्टर घेण्यासारखं आहे.

आणि सबसिडीचं म्हणाल तर केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये 14,028 बससाठी 4,391 कोटी ठेवलेत, पण ते सार्वजनिक वाहतुकीच्या बसला, खाजगी शाळेच्या पिवळ्या गाडीला नाहीत. अमेरिकेत ओकलंडला 2024 मध्ये शाळांच्या सगळ्या 74 बस इलेक्ट्रिक झाल्या, उभ्या बसमधली वीज परत ग्रीडला विकायची सोय पण केली, लोक त्याचे व्हिडिओ पाठवतात मला. पण तिथं शाळांच्या बससाठी सरकारने 5 अब्ज डॉलरचा वेगळा कार्यक्रमच काढला होता हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आता खोटं अर्धं. शाळा डिझेलचा खर्च सांगताना फक्त डिझेल सांगते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाड्यांत सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ म्हणून फिल्टर असतो, धुरातली काजळी त्यात अडकते आणि गाडी चांगली तापली, लांब पळाली की ती आतच जळून फिल्टर साफ होतो. शाळेची बस तापतच नाही हो! दोन गल्ल्या गेलं की थांबा, पोरगं चढलं, परत थांबा, वर वेग बांधून ठेवणारा स्पीड गव्हर्नर. मग डॅशबोर्डवर पिवळी लाइट लागते आणि ड्रायव्हरला मोकळी गाडी घेऊन जालना रोडला पाठवावं लागतं, झाल्टा फाट्याच्या पुढं बरंच लांब पळवून आणायची, तेव्हा कुठं लाइट जाते. हे डिझेल कुठल्याच हिशोबात नसतं. दुर्लक्ष केलं तर गाडी पॉवर सोडते, पोरं घेऊन रस्त्यात उभी राहते, आणि फिल्टर बदलायचा आकडा ऐकला की माणूस खालीच बसतो. शिवाय धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचा यूरिया, त्याचा खर्च वेगळा. म्हणजे ज्या कामाला डिझेल इंजिन सगळ्यात नालायक ते हेच काम, आणि हे मी शोरूमवाल्याकडून ऐकून नाही सांगत.

म्हणून माझं मत, सगळ्या बस एकदम बदला हे म्हणूच नका, कुणी ऐकणार नाही. दोन सत्रं भरणाऱ्या शाळेची, सकाळी प्रायमरी, दुपारी हायस्कूल, वर ज्युनियर कॉलेज, अशी जी गाडी दिवसभर फिरते ती आधी बदलायची. आमच्याकडं वाळूज-शेंद्र्याला कंपन्यांच्या जनरल शिफ्टला पण बस लागतात, एकच गाडी दोन्हीकडं लावली की 140-150 किलोमीटर होतात आणि मग हिशोब बोलायला लागतो. इलेक्ट्रिकला ऑक्टोबर 2018 पासून परमिट लागत नाही हा एक फायदा, पण 2011 चे स्कूल बसचे नियम सगळे तसेच लागू, त्यामुळं पिवळी गाडी कंपनीला लावायच्या आधी आरटीओकडून लेखी घ्यायचं, तोंडी नाही. आणि शाळेला अजिबात विकत घ्यायची नसेल तर सिटी बसवाले करतात तसं, गाडी बस पुरवणाऱ्या कंपनीची, शाळेने फक्त किलोमीटरचा दर द्यायचा, असा करार मागता येतो. लहान व्हॅन आणि रिक्षांचं तर मी म्हणतो आधी त्याच बदला, किमतीतला फरक कमी.

चार्जिंगचा विषय लोक उगीच मोठा करतात, फक्त एका ठिकाणी तो खरंच मोठा आहे. आमच्या धंद्यात रात्री बस डेपोत नसते, ड्रायव्हरच्या घरासमोर असते, हर्सूलला, चिकलठाण्याला, जिथून पहिला थांबा जवळ. इलेक्ट्रिक झाली की ती रात्री शाळेतच लावावी लागणार, मग ड्रायव्हरने पहाटे पाचला शाळेत यायचं कसं, त्याचं पेट्रोल कोण देणार, इथं खरी अडचण आहे. बाकी 70-80 युनिट भरायला 15 किलोवॅटचा साधा चार्जर पाच-सहा तासात काम करतो, विकणारा 60 चा फास्ट गळ्यात मारायला बघतो, घेऊ नका, मंजूर भार वाढला की महिन्याचा स्थिर आकार पण वाढतो. महावितरणकडं चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे, कनेक्शन त्यातच मागा, आणि डीपीवर लोड बसतो का ते आधी लाइनमनला विचारा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गल्ली अंधारात आणि शिव्या शाळेला. सकाळी साडेआठ ते बारा गाडी उभीच असते, वर आपल्याकडचं ऊन, एक किलोवॅट सोलर दिवसाला चारेक युनिट देतं, 18 किलोवॅट बसवलं की एका बसचं भागलं. शाळेच्या स्लॅबवर तेवढी जागा असते.

उन्हाची भीती घालतात, 43 डिग्रीत बॅटरी टिकत नाही म्हणून. एसटीची इलेक्ट्रिक शिवाई पळायलीच ना आपल्याकडं. लिक्विड कूलिंगची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घ्यायची, आठ वर्षांची वॉरंटी लिहून घ्यायची, आणि मे महिन्यात गाडी फुल चार्ज करून उन्हात उभी करायची नाही, निम्म्यावर ठेवून शेडमध्ये लावायची. बस.

तुम्ही पुढं काय करायचं? शाळेत परिवहन समिती असायलाच पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालकांचा माणूस त्यात असतो. तिथं बसून प्रत्येक गाडीचं वर्षाचं रनिंग आणि गाडीचं वय एवढंच मागा, फी वाढेल का ते त्यावरून पाच मिनिटात कळतं. आणि इलेक्ट्रिक येईल तेव्हा येईल, डिझेलचा धूर कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2012 मध्येच सांगितलंय, त्यामुळं शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर ओळीने उभ्या बसची इंजिनं बंद ठेवायचा ठराव याच बैठकीत करून घ्या, त्याला एक रुपया लागत नाही. ड्रायव्हर लोक म्हणतील ब्रेकचं एअर प्रेशर उतरतं म्हणून चालू ठेवतो. माझे पण म्हणायचे. प्रेशर भरायला दोन-तीन मिनिटं पुरतात, त्याला वीस मिनिटं इंजिन लागत नाही.